मंडळासाठी ठेवा

निशिगंधा वानखडेला त्या दुपारी फक्त जैन जेवणाचा आकडा हवा होता. दुसरं काही नको होतं बिचारीला.

कालवाकाठ मराठी मंडळाची दिवाळी दहा दिवसांवर आली होती. बूर्टहाउसचा, म्हणजे इथल्या समाजमंदिराचा, मोठा हॉल घेऊन झाला होता, दोनशे चाळीस माणसांची नोंदणी झाली होती आणि केटरर सकाळपासून विचारत होता की कांदा-लसूण न खाणारे किती. गेल्या वर्षी किती होते हे कार्यकारिणीत एकालाही आठवेना. कार्यकारिणी म्हणजे फोटोत पुढे उभी राहणारी सहा माणसं. काम करणारी एकच होती आणि ती कार्यकारिणीत नव्हती. तेव्हा निशिगंधाने डेल्फ्टच्या आपल्या खोलीत पलंगावर मांडी घातली, लॅपटॉप उघडला आणि मंडळाच्या शीटमध्ये जुनी पानं शोधत उजवीकडे सरकत गेली. मुलांचे नाच, स्पीकर आणि माइक, सहा वर्षांपूर्वीची संक्रांत, कुठल्याशा सहलीची बस. सगळ्यात शेवटी एक पान होतं, त्याचं नाव 'रेफरल'.

विनायकदादांकडे अशी यादी आहे हे सगळ्यांना ठाऊक होतं. विनायकदादा सोळा वर्षं या देशात, बांध आणि पंपांची कामं करणाऱ्या एका मोठ्या कंपनीत टीम लीड. त्यांनी आतून नाव सुचवलं की अर्ज माणसाच्या हातात पडतो, नाहीतर मशीनच्या. वर्षाला दोन-तीन मराठी पोरं ते अशी आत घेत. त्यामुळे मंडळात त्यांच्या बेसूर भावगीतालासुद्धा वन्समोअर मिळायचा. निशिगंधाने आपला सीव्ही त्यांना जानेवारीत दिला होता. आपला नंबर कितवा ते बघावं म्हणून तिने पान उघडलं.

चार रकाने होते. नाव, शिक्षण, कोणाचा किंवा कोणाची, आणि शेरा.

पहिलं नाव कुणालचं होतं, तिच्याच वर्गातल्या. कोणाचा? शलाकाच्या भाचेसुनेचा भाऊ. शलाका म्हणजे विनायकदादांची बायको. शेरा: या महिन्यात लावायचा. त्याखाली कुणी एक राघव होता, अजून पुण्यातच असलेला, पदवीसुद्धा हातात न आलेला. तो विनायकदादांच्या पुण्यातल्या सोसायटीच्या सेक्रेटरींचा. शेरा: पुढच्या उन्हाळ्यात बघू, शब्द दिलाय.

मग तिची ओळ. निशिगंधा वानखडे. एम.एस्सी., जलअभियांत्रिकी, विशेष प्रावीण्य. 'कोणाची' हा रकाना रिकामा. शेरा: कामसू. प्रामाणिक. मंडळासाठी ठेवा.

तिने ते तीनदा वाचलं. मग गेल्या वर्षीचं पान शोधलं, जैन जेवणं एकतीस होती, केटररला तसं कळवलं, आणि उठून बेसिनपाशी जाऊन उभी राहिली. नळ सोडला आणि तसाच बंद केला. ठेवा म्हणे. अहो, उरलेली बुंदी ठेवतात, सतरंज्या ठेवतात. एका शिकलेल्या मुलीचं आयुष्य काय मंडळाच्या कपाटात ठेवायचं?

आता तिची गोष्ट नीट सांगते, म्हणजे त्या चार शब्दांचं वजन कळेल.

तिचे वडील सुखदेव वानखडे, अकोल्याला जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक होते. त्यांचं एक वाक्य ती पाळण्यात असल्यापासून ऐकत आली होती. "आपल्यापाशी ओळख नाही बेटा, आपल्यापाशी मार्क आहेत." ते त्यांनी इतक्या सरळ मनाने म्हटलेलं असायचं की त्यावर शंका घ्यायची लाज वाटावी. तिनेही घेतली नाही. शिष्यवृत्ती मिळवून डेल्फ्टला आली, बांधातून पाणी कसं पाझरतं यावर दोन वर्षं डोकं आपटलं आणि वर्गात दुसरी आली. कुणाल तोच विषय तिसऱ्या खेपेला सुटला, तोही तिच्या वह्यांवर. मुलगा वाईट नव्हता. त्याला फक्त कधी घाई करावी लागली नव्हती.

पदवी झाली की इथलं सरकार नोकरी शोधायला एक वर्ष देतं. डच लोक त्याला झूकयार म्हणतात. त्या वर्षात बऱ्यापैकी पगाराची नोकरी लागली तर राहा, नाही लागली तर बॅग भरा. निशिगंधाचं वर्ष वीस डिसेंबरला संपणार होतं. तिने एकशे बारा अर्ज केले होते. डच शिकली होती, सायकलवरून क्लासला जाऊन, भर वाऱ्यात. उत्तरं यायची ती बहुतेक 'हेलास' या शब्दाने सुरू व्हायची. हेलास म्हणजे दुर्दैवाने. पुढे पुढे ती तेवढा एक शब्द वाचून मेल बंद करायची. खुद्द विनायकदादांच्या कंपनीतून तीनदा हेलास आलं होतं, तिसऱ्यांदा तर अर्ज पाठवल्यावर अकरा मिनिटांत.

मग कुणीतरी म्हणालं, इथे ओळखीशिवाय काही होत नाही, लोकांत मिसळ. निशिगंधा जिद्दी. ओळख हीसुद्धा तिने एखाद्या विषयासारखी अभ्यासाला घेतली, आणि इथेच तिची चूक झाली. तिला वाटलं, ओळखही कष्टाने मिळते.

संक्रांतीला ती विनायकदादांच्या घरी गेली. शलाकावहिनींनी तिळगूळ दिला, कौतुकाने नाव विचारलं, मग आडनाव विचारलं.

"वानखडे? म्हणजे अमरावतीकडचे?"

"अकोला."

"अच्छा. तुमच्याकडे गणपती बसतो का गं?"

"नाही बसत."

"अच्छा अच्छा," वहिनी म्हणाल्या. "छान." काय छान होतं कोण जाणे. मग त्या स्वयंपाकघरात गेल्या आणि पाच मिनिटांनी तिला आतून हाक आली, की ट्रे जरा बाहेर नेतेस का. ती नेऊ लागली ती नेतच राहिली. हा प्रश्न तिला अकोल्यापासून पाठ होता, आणि तो कशासाठी विचारतात हेही. पण डेल्फ्टमध्ये, कालव्याच्या काठी, त्या गुबगुबीत सोफ्यावर बसून तो विचारला जाईल असं तिला वाटलं नव्हतं. तिने मनाची समजूत घातली. सहज विचारलं असेल. समजूत घालण्यात आपली माणसं फार हुशार.

तेव्हापासून दहा महिने ती मंडळाची नोंदणी करत होती, हॉलच्या किल्ल्या आणत होती, पोरांच्या नाचाच्या वेळा ठरवत होती आणि त्यांच्या आयांची भांडणं सोडवत होती. दर महिन्याला विनायकदादा पाठीवर थाप मारून म्हणत, "तुझं माझ्या लक्षात आहे हं." ते खरंच होतं. लेखी होतं.

तुम्ही म्हणाल, ते पान वाचल्यावर तिने काम तिथल्या तिथे फेकून द्यायला हवं होतं. मलाही तसंच वाटतं. पण दोनशे चाळीस पानं कोण वाढणार होतं, ती सहा माणसं? तिला स्वतःचीच चीड आली. इतकं कळूनही दुसऱ्या दिवशी ती उठून आल्बर्ट हाइन सुपरमार्केटमधून कागदी पेले आणायला गेली. सवय अशी वाईट असते.

कुणाल तिला रस्त्यात भेटला, सायकल हातात धरून. "निशि, तुझ्या पाझराच्या नोट्स पुन्हा एकदा देशील का? गुरुवारी इंटरव्ह्यू आहे. विनायकदादाने लावून दिलाय."

"कोणत्या जागेसाठी?"

त्याने सांगितलं. बांधातल्या पाझराचं काम. तिचा विषय, शब्दशः. तिने तिथेच उभं राहून फोनवरून त्याला नोट्स पाठवल्या. "तुला नाही विचारलं दादाने?" तो म्हणाला, खरोखरच नवल वाटून. "विसरला असेल. मी आठवण करतो." तिला त्याच्या तोंडावर हसावं की थुंकावं कळेना. तिने आपल्या सायकलला टांग मारली.

दिवाळीचा शनिवार उजाडला. हॉल भरला, पैठण्या सळसळल्या, इथेच वाढलेल्या पोरांनी आयांच्या मराठीला डचमधून उत्तरं देत फराळ संपवला. भावगीताला वन्समोअर मिळाला. जेवणाआधी विनायकदादा माइक घेऊन उभे राहिले आणि म्हणाले, या वर्षी एका खास कार्यकर्तीचा सत्कार करायचा आहे.

निशिगंधाला हे माहीत नव्हतं असं नाही. सामानाच्या यादीत चौदाव्या ओळीत तिनेच लिहिलं होतं: सत्काराची शाल एक, परत घेणे. नारळसुद्धा तिनेच बाजारातल्या सुरिनामी दुकानातून आणला होता. कोणाचा सत्कार हे तेवढं कुणी तिला सांगितलं नव्हतं.

"काही लोक म्हणतात, या देशात ओळखीशिवाय होत नाही," विनायकदादा म्हणाले. "साफ चूक. इथे वशिला चालत नाही, इथे मेहनतीची कदर होते. या मुलीकडे बघा. ना कुणाची शिफारस, ना कुणाचा हात धरून आलेली. नुसते कष्ट."

पहिल्या रांगेत कुणाल टाळ्या वाजवत होता, मनापासून. त्याला सोमवारी कळणार होतं, पण कळल्यातच जमा होतं. शलाकावहिनींनी निशिगंधाच्या खांद्यावर शाल घातली. शालीला डांबराच्या गोळ्यांचा वास येत होता आणि आधीच्या कितीतरी मानकऱ्यांच्या अत्तरांचा. वहिनी कानाशी वाकून म्हणाल्या, "फोटो झाला की शाल काढून दे हं, पुढच्या सत्काराला लागते." आणि विनायकदादांनी माइक पुढे केला. "दोन शब्द बोल."

तिने दोन शब्द ठरवले नव्हते. पण शाल टोचत होती.

"माझ्याबद्दल दादांनी आधीच लिहून ठेवलंय," ती म्हणाली. "मी फक्त वाचून दाखवते. कामसू. प्रामाणिक. मंडळासाठी ठेवा. मंडळाच्या शीटमध्ये शेवटचं पान आहे, रेफरल नावाचं, तिथे माझ्या नावापुढे असं लिहिलंय. धन्यवाद."

हॉलमध्ये टाळ्यांचा कडकडाट झाला. लोकांना ते फार आवडलं. एक आजोबा म्हणाले, किती विनयशील मुलगी आहे. दोनशे चाळीस माणसांत एकाचाच चेहरा पांढरा पडला आणि तोही लगेच सावरून टाळ्या वाजवू लागला. हे तिला सगळ्यात घाण वाटलं. ओरडून सांगितलं असतं तरी यांनी त्याचं कौतुकच केलं असतं.

तिने शाल घडी करून खोक्यात ठेवली आणि नारळ आपल्या पिशवीत घातला. हॉल आवरायला ती आणि स्वानंदी नावाची एक मुलगी, दोघीच थांबल्या. स्वानंदी धुळ्याची, सप्टेंबरातच डेल्फ्टला आलेली, पहिल्यांदाच मंडळात. "ताई, छान बोललात," ती खुर्च्या एकावर एक रचत म्हणाली. निशिगंधाने पुढची खुर्ची तिच्याकडे सरकवली.

सोमवारी सकाळी नऊ वाजता विनायकदादांचा फोन आला.

"तुझा काहीतरी गैरसमज झालाय," ते म्हणाले. "ती रफ नोंद होती. आणि हे बघ, ते पान आपल्या आपल्यात राहू दे. लोक उगाच अर्थ काढतात, माझ्या एचआरपर्यंत गेलं तर वेगळंच होईल." मग थोडं थांबून म्हणाले, "आमच्या टीममध्ये अजून एक जागा आहे."

"कधीपासून?"

"होतीच. सीव्ही पाठव, आज टाकतो."

"तुमच्याकडे जानेवारीपासून आहे."

"हां, तो चालेल," विनायकदादा म्हणाले.

माफीचा म सुद्धा नाही. इथे तिने फोन आपटला असता तर ही गोष्ट सांगायला मला अभिमान वाटला असता. पण वीस डिसेंबर साडेसहा आठवड्यांवर होता, अकोल्यात सुखदेव मास्तर रोज सकाळी नेदरलँड्सचं हवामान बघत होते, आणि परत जाऊन काय सांगायचं होतं तिने? ती म्हणाली, "टाका." आणि फोन ठेवून हात साबणाने धुतले. ते कशासाठी, तिचं तिलाच कळलं नाही.

मुलाखत घेणारी बाई डच होती, उंच, सरळ बोलणारी. तिने बांधाचा नकाशा टेबलावर टाकला आणि विचारलं, पाणी कुठून निघेल? निशिगंधाने बोट ठेवलं. बाईने विचारलं, कशावरून? निशिगंधा तासभर बोलली, निम्मं डचमध्ये. शेवटी बाई म्हणाली, "तू आधी अर्ज का नाही केलास?"

"तीनदा केला," निशिगंधा म्हणाली. "हाच."

बाईने कपाळाला आठ्या घातल्या, काहीतरी लिहून घेतलं, आणि आठवड्याने करार आला. कुणाललाही मिळाला होता. दोघांची टेबलं शेजारीशेजारी. पहिल्याच दिवशी त्याने विचारलं, निशि, हे सॉफ्टवेअर कसं उघडायचं.

तिने अकोल्याला फोन केला. सुखदेव मास्तरांनी बातमी दोनदा सांगायला लावली. मग घसा साफ करून म्हणाले, "आपल्या मेहनतीनंच मिळालं ना बेटा?"

मुलाखत कोणी दिली होती? तिनेच. नकाशावर बोट कोणी ठेवलं होतं? तिनेच. पण त्या खोलीचं दार कशाने उघडलं होतं तेही तिला पक्कं ठाऊक होतं. मेहनतीने नाही आणि ओळखीनेही नाही, एका माणसाला वाटलेल्या भीतीने.

"हो बाबा," ती म्हणाली.

"मी तं सगळ्यायले सांगतो," मास्तर आनंदाने वऱ्हाडीवर आले. "ना ओळख, ना वशिला. गल्लीतल्या पोरायले तुहंच उदाहरण देतो." त्या पोरांनी आता ते वाक्य घेऊन कुठे कुठे डोकं आपटायचं?

जानेवारीत विनायकदादांचा मेसेज आला. आता कामामुळे तुला वेळ होणार नाही, ती स्वानंदी बरी आहे, तिला शीट समजावून दे. खाली हसरा चेहरा.

रविवारी दुपारी स्वानंदी तिच्या खोलीवर आली, वही घेऊन. तिने पहिल्या पानावर तारीख घालून शीर्षकसुद्धा लिहिलं होतं. निशिगंधाने नोंदणी दाखवली, जेवणाची पानं दाखवली. "मी कष्टाला मागे हटणार नाही ताई," स्वानंदी म्हणाली. "दादा म्हणालेत, तुझं लक्षात आहे." मग ती बाहेरच्या सामायिक स्वयंपाकघरात चहा टाकायला गेली, कुणी न सांगता.

निशिगंधाने शेवटचं पान उघडलं. पान लपवायचं किंवा काढून टाकायचं विनायकदादांना सुचलं नव्हतं. आता ती घरातलीच होती ना. तिची ओळ हिरवी केलेली होती. 'कोणाची' हा रकाना भरला होता, तिथे लिहिलं होतं: आपली. दहा महिने राबून जे झालं नाही ते धमकीसारख्या चार-पाच वाक्यांनी झालं होतं. आपली! त्या सोफ्यावर आता तिचीही जागा होती.

खाली नवी ओळ होती. स्वानंदी. एम.एस्सी. चालू. कोणाची, रिकामं. शेरा: चटपटीत. निशिगंधाच्या जागी ठेवा.

तो रकाना मुळापासून पुसून टाकावा असं तिच्या मनात आलं. पण पुसून काय होणार, तो विनायकदादांच्या डोक्यात होता, शलाकावहिनींच्या तिळगुळात होता. स्वानंदीला सगळं सांगून टाकावं, असंही वाटलं. सांगितलं तर ती पोरगी काय करणार होती, आणखी जोरात खुर्च्या रचणार? बाहेर कपांचा आवाज येत होता. या मुलीला कुणाचं तरी असण्याची काय गरज होती? चांगली शिकत होती, एकटी एवढ्या लांब आली होती, वहीवर शीर्षक घालत होती. तेवढं पुरायला हवं होतं. पुरणार नव्हतं, हे निशिगंधाइतकं कुणाला माहीत होतं?

तिने त्या रिकाम्या जागी क्लिक केलं आणि लिहिलं: निशिगंधाची.

हात जराही अडखळला नाही, आणि त्याचीच तिला शिसारी आली. किती पटकन जमलं हे.

चार मिनिटांत फोन वाजला. विनायकदादांचा मेसेज होता.

"अगं, ती तुझी का? आधी सांगायचंस ना. या महिन्यात लावू."